टाके पिकू नयेत म्हणून: पशुशस्त्रक्रियेत नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

गाईच्या पोटातून प्लास्टिक काढलं, गाय दुसऱ्या दिवशी चारा खाऊ लागली, आणि आठव्या दिवशी मालकाचा फोन आला की टाक्यांतून पू येतोय. अशा वेळी बहुतेक जण आधी अँटिबायोटिक बदलतात. पण चूक झालेली असते आठ दिवसांपूर्वी, पहिला छेद घेण्याच्या आधीच्या तासाभरात. हत्यारं नीट शिजली नव्हती, कातडी घाईत पुसली होती, नाहीतर इंजेक्शन उशिरा दिलं होतं. तो तास कसा घालवायचा, हाच या लेखाचा मुख्य विषय आहे. एक टेबल असलेला छोटा दवाखाना आणि गावातला गोठा, या दोन्ही जागा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

जंतू शून्यावर आणणं कुणालाच जमत नाही. जखमेत पडणारे जंतू एवढे कमी ठेवायचे की जनावराचं शरीर त्यांचा स्वतः निकाल लावेल, एवढंच आपल्या हातात असतं. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी माणसांच्या त्वचेवर केलेला प्रयोग इथे कामाचा आहे. नुसत्या त्वचेत पू व्हायला स्टॅफिलोकॉकस नावाचे काही दशलक्ष जंतू टोचावे लागले. तिथेच रेशमी टाका ठेवला, तर काही शेकडे पुरले. आपण तर प्रत्येक ऑपरेशनमध्ये टाके मागे ठेवूनच येतो. शिवाय गोठलेलं रक्त, चेंगरलेला स्नायू, आत राहिलेला केस यांतलं काहीही जंतूंना तसाच आसरा देतं.

हत्यारं: आधी धुणं, मग शिजवणं

ऑपरेशन संपलं की हत्यारं लगेच थंड पाण्यात टाका. गरम पाण्यात रक्तातलं प्रथिन शिजून धातूला चिकटतं. सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, मिठाने स्टीलला खड्डे पडतात. हायपोक्लोराइटमध्येही नको. एन्झाइम असलेला क्लीनर मिळाला तर उत्तम, नाहीतर सौम्य डिटर्जंट आणि नरम दातांचा टूथब्रश चालेल. आर्टरी फोरसेप (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा) पूर्ण उघडा आणि सांध्यात ब्रश घाला. दातांच्या खाचांत आणि सांध्यात सुकलेलं रक्त राहिलं असेल, तर वाफ तिथपर्यंत पोहोचत नाही. मळकं हत्यार कितीही वेळ शिजवलं तरी ते निर्जंतुक होत नाही.

पॅक बांधताना हत्यारांची कुलपं उघडी ठेवा. वाटी, किडनी ट्रे आडवे किंवा उपडे ठेवा. सरळ ठेवलेल्या वाटीत हवा अडकते. गॉजचे तुकडे मोजून, दहा-दहाचे गठ्ठे करून ठेवा. कापड दुहेरी आणि न फाटलेलं हवं. उजेडासमोर धरून बघा, भोक दिसलं तर ते पुसायला काढा. बाहेर तारीख लिहा.

ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं शिजवणाऱ्या मशीनचा, हिशोब असा: १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सिअस. सुटी, न गुंडाळलेली हत्यारं १५ ते २० मिनिटं, कापडात बांधलेलं पॅक ३० मिनिटं. वेळ मोजायची ती दाब पूर्ण चढल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे. पॅक एकमेकांवर दाबून भरू नका, उभी आणि सैल लावा.

ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा प्रेशर कुकर चालतो, फक्त एक पायरी कुणी गाळू नये. तळाला लिटरभर पाणी घाला, वर जाळी ठेवा आणि पॅक पाण्याला लागणार नाही असं ठेवा. झाकण लावा, पण शिट्टी लगेच लावू नका. नळीतून वाफेचा जोरदार झोत येऊ द्या, तो चार-पाच मिनिटं वाहू द्या आणि मगच शिट्टी चढवा. आतली हवा निघाली नाही, तर दाब तोच भरतो पण तापमान १२१ला पोहोचत नाही. शिट्टी झाल्यावर आच मंद करून ३० मिनिटं. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, झाकण बोटभर उघडं ठेवा आणि पॅक आतच सुकू द्या. ओलसर पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवलं, की कापडातल्या ओलीबरोबर टेबलावरचे जंतू आत शोषले जातात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे फार होतं. असं पॅक साठवू नका, पुन्हा लावा. कोरडं, दुहेरी कापडातलं पॅक बंद कपाटात तीन-चार आठवडे ठेवता येतं.

ऑटोक्लेव्हच्या चिकटपट्टीवर काळे पट्टे उमटले म्हणजे पॅकला उष्णता लागली, एवढंच कळतं. ती किती वेळ लागली, आतपर्यंत पोहोचली की नाही, हे त्या पट्ट्या सांगत नाहीत. म्हणून पॅकच्या अगदी मध्यभागी, हत्यारांच्या खाली, रासायनिक इंडिकेटर ठेवा. अधूनमधून जिओबॅसिलस या जंतूच्या स्पोअरची (उष्णता सोसणाऱ्या बीजाणूंची) कुपी लावून मशीनच तपासून घ्या.

ड्रम (गॉज, कापडं शिजवायचा भोकांचा धातूचा डबा) वापरत असाल तर त्याच्या कडेची भोकं शिजवताना उघडी आणि बाहेर काढताक्षणी बंद हवीत. पट्टी फिरवायची राहून गेली तर दोन्ही बाजूंनी नुकसान होतं: आधी बंद असली तर वाफ आत गेलीच नाही, नंतर उघडी राहिली तर धूळ गेली. एकाच ड्रममधून दिवसभर गॉज काढत राहणं तर सोडूनच द्या. एका ऑपरेशनला एक छोटं पॅक.

पाण्यात उकळलेली हत्यारं निर्जंतुक नसतात. १०० अंशांना धनुर्वाताचे स्पोअर टिकतात. सॅव्हलॉनच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेली हत्यारंही निर्जंतुक नसतात. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण स्पोअर मरायला १० तास लागतात. नंतर निर्जंतुक पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर ऊती जळतात. जे उष्णता सोसत नाही त्याच्यापुरतंच ते ठेवा. सक्रिय केलेलं द्रावण साधारण १४ दिवस चालतं. बाटलीवर तारीख टाका.

आता दवाखान्यातल्या दोन बरण्या. एक सॅव्हलॉनमध्ये भिजवलेल्या कापसाची, दुसरी चीटल फोरसेप, म्हणजे निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा, उभा ठेवलेली. दोन्ही स्वच्छतेच्या खुणा वाटतात आणि दोन्ही संसर्गाची ठिकाणं आहेत. कापसाचे धागे औषध शोषून घेतात, द्रावण पातळ होत जातं, आणि सुडोमोनास, सेराशिया यांसारखे जंतू त्यातच वाढतात. वर नुसती भर घालत राहिलं की तळाचा थर महिनोन्महिने तोच राहतो. कापूस रोज सकाळी नवा भिजवा, उरलेला संध्याकाळी टाकून द्या, बरणी धुऊन शिजवा. चीटल फोरसेप बरणीसकट रोज ऑटोक्लेव्ह करा आणि कोरडा ठेवा.

खोली आणि कामाचा क्रम

ऑपरेशनची जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. छताचा पंखा बंद ठेवा. खोलीत लागतील तेवढीच माणसं हवीत. आधी स्वच्छ ऑपरेशनं, म्हणजे नसबंदी, हर्निया, मग पोटातली. गळू फोडणं, आसडी झालेली (अळ्या पडलेली) जखम, हे सगळ्यांत शेवटी. गुदमार्गाने तपासणी करायची असेल तर ती ऑपरेशननंतरच्या वेळेला टाका. टेबलासाठी ४ ते ५ टक्क्यांचं बाजारातलं हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग असं रोज ताजं बनवा. रक्त आधी पुसायचं, मग ते लावायचं, दहा मिनिटं राहू द्यायचं.

हात

अंगठी, कडं, मनगटावरचा दोरा सगळं काढा. नखं बोटाच्या पुढे दिसता कामा नयेत. ब्रश फक्त नखांखाली. कातडीवर ब्रश घासला की बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू बसतात. ४ टक्के क्लोरहेक्झिडिन स्क्रब किंवा ७.५ टक्के पोव्हिडोन आयोडीन स्क्रब घ्या. दिवसाच्या पहिल्या ऑपरेशनला पाच मिनिटं, पुढच्यांना तीन. बोटांच्या चारही बाजू, तळवा, मनगट, मग कोपर असा क्रम ठेवा. हात कोपरापेक्षा वर धरा म्हणजे पाणी कोपराकडे ओघळेल. गोठ्यात नळ नसतो, तर मदतनीसाने तांब्याने पाणी ओतावं. बादलीत हात बुडवले की पहिल्या बुडवणीतच बादली गेली.

अल्कोहोलचा हँडरब चालतो, मात्र आधी धुतलेल्या, कोरड्या हातांवरच. शेणाच्या थरावर अल्कोहोलचं काही चालत नाही. हात पूर्ण सुकल्याशिवाय ग्लोव्ह चढवू नका.

ग्लोव्हना काम करताना बारीक भोकं पडतात आणि ती दिसत नाहीत. म्हणून ग्लोव्ह आहेत म्हणून हात कमी धुतले, असं करून चालत नाही. तास-दीड तास झाला की बदला. सुई टोचली की लगेच.

जनावराची कातडी

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण कुत्र्याच्या जखमेत सापडणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस बहुधा त्याच कुत्र्याच्या कातडीवरचा असतो.

कुत्र्याला पुरळ, खाज, गजकर्ण, गोचिड्यांच्या जखमा असतील तर नसबंदीसारखं थांबू शकणारं ऑपरेशन पुढे ढकला. आदल्या दिवशी आंघोळ घालायला सांगा, पण केस काढायला सांगू नका. आदल्या रात्री केस काढले की सूक्ष्म जखमांत रात्रभर जंतू वाढतात. केस भूल दिल्यानंतर, ऑपरेशनच्या टेबलापासून दूर काढायचे. ४० नंबरच्या ब्लेडचा क्लिपर हवा. ब्लेड तापलं तर थांबा. भाजलेली कातडी हमखास पिकते. छेदाच्या चारही बाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर जागा मोकळी करा, कारण छेद वाढवावा लागला तर केसांत शिरायची वेळ येऊ नये. पडलेले केस चिकटपट्टीने उचला.

धुणं दोन टप्प्यांत. पहिला टप्पा मळ काढण्याचा: स्क्रब आणि पाणी, गॉज मळकं येईनासं होईपर्यंत. म्हशीच्या कुशीवर पहिल्यांदा पाणी चॉकलेटी येतं, मग पिवळसर, मग फेस पांढरा राहतो. तो पांढरा फेस दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. दुसरा टप्पा निर्जंतुक गॉज आणि निर्जंतुक ग्लोव्हने: छेदाच्या रेषेपासून सुरू करून गोल गोल बाहेर. कडेला पोहोचलेलं गॉज परत मध्ये आणायचं नाही, टाकून नवं घ्यायचं. क्लोरहेक्झिडिन, मग ७० टक्के स्पिरिट, असं तीनदा. औषध कातडीवर एकूण पाच मिनिटं तरी राहायला हवं. पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल तर त्याचं शेवटचं लेपन सुकू द्या. ओलं असतानाच पुसलं तर त्याला काम करायला वेळच मिळाला नाही.

दोन गोष्टी नवीन माणसाच्या लक्षात राहत नाहीत. साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्झिडिन आणि सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड दोन्ही निकामी होतात. अंगाच्या साबणाने धुतलं असेल तर भरपूर पाण्याने खळखळून घ्या. दुसरं म्हणजे डोळ्याजवळ आणि कानाचा पडदा फाटलेला असेल तर कानात क्लोरहेक्झिडिन नको. डोळ्याभोवती ०.२ ते ०.५ टक्क्यांपर्यंत पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण वापरा, स्क्रब नव्हे.

गोठ्यात ऑपरेशन करताना

शक्यतो सकाळी, माश्या उठायच्या आत. तासभर आधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा. त्या वेळात झाडलोट, कडबा तोडणं, वैरण टाकणं बंद. उकिरड्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला, झाडाच्या सावलीत. पण फांद्यांखाली ताडपत्रीचं छत करा, पक्ष्यांची विष्ठा जखमेत पडलेली असते. शेपटी जनावराच्याच पायाला बांधा, खुंट्याला कधीच नाही. जनावर उठलं किंवा झटका दिला तर शेपटी तुटते.

क्लिपर नसेल तर फेस करून नव्या ब्लेडने केस काढतात. चालेल, पण छेदाच्या अगदी आधी आणि केसांच्या दिशेने. त्यानंतर लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. भूल टोचताना सुया सारख्या बदला आणि औषधाच्या बाटलीत नवी सुई ठेवून तिनेच काढा. वापरलेली सुई बाटलीत गेली की पुढची वीस जनावरं त्या बाटलीची वाटेकरी होतात.

पोट उघडून प्लास्टिक किंवा तार काढताना जखमेचा खरा शत्रू कोठीपोटातलं (रुमेन, जनावराच्या पोटाचा सगळ्यांत मोठा कप्पा) पाणी असतं. म्हणून:

१. डाव्या कुशीत छेद घेऊन कोठीपोट बाहेर ओढा आणि कापण्याआधी ते कातडीला चारही बाजूंनी सलग टाक्याने शिवून घ्या. टाके एवढे जवळ हवेत की मधून बोट जाऊ नये.

२. कडेने ओली निर्जंतुक कापडं लावा. मग कोठीपोट उघडा.

३. इथून पुढे वापरलेली हत्यारं वेगळ्या ट्रेमध्ये जातात. ती घाण हत्यारं. परत स्वच्छ ट्रेमध्ये येत नाहीत.

४. आतलं काढून झालं की कडा कोमट सलाइनने धुवा आणि पहिली ओळ शिवा.

५. आता ग्लोव्ह बदला, बाह्यांचं आवरण बदला, दुसरा हत्यारांचा संच उघडा. कोठीपोटाचा बाहेरचा भाग दोन-तीन लिटर कोमट सलाइनने धुवा आणि आत वळवणारी दुसरी ओळ घाला.

६. मगच कातडीचे टाके सोडून कोठीपोट आत जाऊ द्या. पोटाचे थर शिवताना प्रत्येक थर धुऊन पुढे जा.

पाचवी पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांत जास्त होतो, कारण तोवर हात दुखत असतात आणि मालक घाई करत असतो. दुसरा संच आणलाच नसेल तर ती पायरी होऊच शकत नाही. म्हणून गाडीत दोन संच असल्याशिवाय पोटाच्या ऑपरेशनला निघू नका. सिझेरियनमध्येही हेच तत्त्व: गर्भाशय कापण्याआधी जखमेबाहेर काढा. वासरू मरून फुगलेलं असेल तर त्यातला थेंबही पोटात जाऊ देऊ नका.

अँटिबायोटिक कधी

छेद घेताना औषध ऊतींत पोहोचलेलं असायला हवं. ऑपरेशननंतर पाच दिवस दिलेल्या इंजेक्शनांनी चुकलेली वेळ भरून निघत नाही. कुत्र्या-मांजरांत सेफाझोलिन २२ मिलिग्रॅम प्रति किलो, शिरेतून हळू, छेदाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. २० किलोच्या कुत्र्याला ४४० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅमची कुपी १० मिलिलिटरमध्ये विरघळवली तर ४.४ मिलिलिटर. ऑपरेशन लांबलं तर दीड ते दोन तासांनी पुन्हा तेवढाच डोस. त्यानंतर बहुतेक वेळा थांबवायचं, चोवीस तासांपलीकडे न्यायचं नाही.

तासाभरात उरकणाऱ्या स्वच्छ नसबंदीला, निरोगी जनावर आणि नीट निर्जंतुक हत्यारं असतील तर, अँटिबायोटिकची गरज नसते. तरीही ते सर्रास दिलं जातं, आणि औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आपणच आपल्या दवाखान्यात पोसतो.

गाई-म्हशींत प्रोकेन पेनिसिलिन २२,००० युनिट प्रति किलो, स्नायूत, आणि ते हळू शोषलं जातं म्हणून निदान दोन तास आधी. हे शिरेतून कधीच देऊ नका, जनावर कोसळतं. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते लेबलवर असतं. ती तारीख कागदावर लिहून मालकाच्या हातात द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. घोडा, शेळी, मेंढी यांत धनुर्वाताची लस झालेली आहे का ते खच्चीकरणाआधी विचारा. या जनावरांना धनुर्वात पटकन होतो.

चाकू हातात असताना

ऑपरेशन जितकं लांबतं तितकी पिकण्याची शक्यता वाढते. तासामागे जवळपास दुप्पट धरून चाला. म्हणून घाई करायची ती आधीच्या तयारीने: सगळं उघडून ठेवलेलं, टाक्याचा धागा निवडलेला, मदतनीसाला क्रम माहीत. हात मात्र सावकाश चालू द्या. ऊती चिमटून ओढू नका, रक्तस्राव थांबवल्याशिवाय शिवू नका, कातडीखाली पोकळी ठेवू नका. बांधताना रक्तवाहिनीबरोबर मांसाचा मोठा गठ्ठा बांधला तर तो मरतो, आणि मेलेलं मांस जंतूंना लागतंच.

धागा शक्य तितका बारीक आणि एकतंतू. विणलेल्या धाग्याच्या वातीतून ओल आणि जंतू आत चढतात, म्हणून कातडीला रेशमापेक्षा नायलॉन बरा. रिळातून काढलेला जास्तीचा धागा परत आत ढकलू नका. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीत टाके काढायला कुत्रं परत येणार नाही, तिथे कातडीच्या आतून विरघळणारा टाका घाला.

प्रोपोफॉल स्निग्ध द्रावणात असतं आणि जंतू त्यात झपाट्याने वाढतात. उघडलेली कुपी सहा तासांत टाकून द्या, महाग वाटली तरी. भुलीखाली लहान जनावर गार पडतं, आणि गार पडलेल्या शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. अंगाखाली घोंगडी, कडेला कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवा.

टाके घातल्यानंतर

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज आणि लाली असतेच. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज, गरम लागणारी कड, वास, ताप, खाणं कमी होणं ही काळजीची लक्षणं. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढायचे. कुत्र्याच्या गळ्यात कॉलर तोवर राहू द्या; एका रात्रीचं चाटणं सगळी मेहनत वाया घालवतं. कोरड्या, स्वच्छ जखमेला रोज औषध चोळायची गरज नसते. गाईच्या जखमेभोवती माश्या पळवणारा स्प्रे मारा, पण टाक्यांच्या फटीत नको. मालकाला स्पष्ट सांगा: राख, शेण, हळद, ऑइल यातलं काहीही टाक्यांवर लावायचं नाही.

मऊ, थंड, न दुखणारी सूज बहुधा आत साठलेल्या पाण्याची असते. ती सुईने फोडू नका. तुमची सुईच तिला पिकवते. पू असेल तर खालच्या टोकाचे एक-दोन टाके काढून वाट द्या, आणि धुण्याआधी, नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, स्वॅब (कापसाच्या काडीवर पुवाचा नमुना) घ्या. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीसाठी, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे कळण्यासाठी, जवळच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवा. पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे.

शेवटी एक वही ठेवा. तारीख, जनावर, ऑपरेशन, छेदाची आणि शेवटच्या टाक्याची वेळ, पॅक कोणत्या दिवशी शिजवलेलं, अँटिबायोटिक किती वाजता, मदतीला कोण. दहाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करून जखम कशी आहे ते त्याच ओळीत लिहा. महिन्यात दोन जखमा पिकल्या की त्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. दोन्ही पॅक एकाच दिवशी शिजवलेली निघाली तर कुकरचं रबर बघा.